पुठ्ठ्याच्या आत

डहाणूच्या कॉलेजचे ग्रंथपाल चुरी सर कागद वाया जाऊ देत नसत. मासिकं बाइंडिंगला गेली की पुठ्ठ्याला आतून चिकटवायची रद्दीसुद्धा तेच देत.

कॉलेज सोडल्यावर पाच वर्षांनी रूपी तलासरीहून त्यांच्याकडे आली. "सर, वार्षिक अंकासाठी तुमच्याकडे दिलेली माझी वही सापडली का? आजीची लग्नातली गाणी होती त्यात. आजी गेली आता."

"तू दिलीच नव्हतीस गं," सर तेव्हासारखंच ठासून म्हणाले. "माझ्याकडे कपटा हरवत नाही. बघ, त्याच वर्षीची, २०१४ची मासिकंसुद्धा जपून ठेवलीत!"

रूपीने तो जाडजूड खंड उघडला. खाऱ्या हवेने पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागद सुटला होता.



तो तिच्या वहीचाच होता. त्यावरच्या आपल्याच अक्षरांवर बोट ठेवून ती आजीचं गाणं म्हणू लागली, आणि सरांना मान वर करवेना.