आजीच्या वाढदिवसाचं बाळ

केक एकच होता आणि बाळं दोन: रोशेलची डेला आणि तिच्या धाकट्या बहिणीचा, दनीषाचा, आयझया. दोघांचा पहिला वाढदिवस मागच्या अंगणात एकदमच चालला होता.

कर्टिसमामा शेगडीवर बरगड्या भाजत होता. त्याने चिमटा आयझयाकडे रोखला. "या, सरकारचे जावई! पहिला तुकडा तुम्हाला."

सगळे हसले. रोशेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

गरिबाघरच्या बाळाच्या नावाने राज्य सरकार आता जन्मतःच पैसे गुंतवत होतं. मूल अठरा वर्षांचं झालं की ते हातात येणार, घराला, शिक्षणाला. टेकडीवरच्या गोऱ्यांच्या पोरांना त्यांचे बाप देतात, आपल्या पोरांना निदान सरकारने द्यावं, असा त्यामागचा विचार. फक्त बाळ एक जुलैला किंवा नंतर जन्मलेलं हवं. आयझया तीन जुलैचा. डेला तीस जूनची. एकाच घरातली, एकाच गरिबीतली पोरं, झबलीसुद्धा एकमेकांची घालणारी.

आणि तीस जून रोशेलने स्वतःच मागून घेतला होता. तो आजीचा वाढदिवस. या घरात थोरल्यांच्या वाढदिवशी आलेल्या बाळाला त्यांचं नाव मिळतं. म्हणून ती डॉक्टरांच्या मागे लागली, औषध घेऊन कळा आणवल्या, आणि नंतर महिनाभर मिरवली. योजनेचं कळलं ते मागाहून.

"रो, आयझयाला जरा जास्त क्रीम दे ना," दनीषा म्हणाली.

"त्याला कशाला आणखी? मिळालंय ते पुरे नाही का?"

"मी काय मागायला गेले होते का गं?"

"मी कुठे काय म्हणतेय?" रोशेलने सुरी केकमध्ये खुपसली.

पलीकडच्या गल्लीत कोणीतरी चार जुलैचे, स्वातंत्र्यदिनाचे फटाके आत्ताच उडवायला सुरुवात केली. आजीच्या मांडीवरची डेला दचकून रडू लागली.

"घाबरू नको गं, माझ्या वाढदिवसाच्या बाळा," आजी तिला थोपटत म्हणाली.

रोशेलला राहवलं नाही. "आजी, चार दिवस उशिरा जन्मली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

आजी हसली. "अगं, चार जुलैलाच जन्मले मी. आई सांगायची ना, बाहेर फटाके फुटत होते आणि आत मी टाहो फोडत होते. सुईण पुढे कधीतरी नोंद करायला शहरात गेली, तेव्हा कचेरीतल्या गोऱ्याने मनाला येईल ती तारीख लिहिली. काळ्यांची पोर. कोण विचारायला जातंय?"

रोशेलने सुरी खाली ठेवली. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने सांगत आलीस, बाळ तुझ्या वाढदिवशीच आणणार म्हणून. तुझं मन कसं मोडू?"

पुन्हा फटाका वाजला. आयझया रोशेलच्या पायांशी आला आणि त्याने हात वर केले. तिने त्याला उचललं. केकने बरबटलेले हात त्याने तिच्या गळ्यात टाकले, तोंड मानेत लपवलं. रोशेलने त्याला छातीशी घट्ट धरलं, पाठ चोळली, आणि तेवढ्यातही तिच्या मनात आलं, हा चार दिवस आधी आला असता तर!