दारात कोणी नसताना

दारात कोणीच नव्हतं, तरी प्रणालीनं माउसचं बटण दाबलं. तिच्या मांत्रिकाच्या कांडीतून निळा गोळा सुटला. त्याच क्षणी अनुपचा मांत्रिक दारातून आत आला आणि जळून गेला.

"परत मेलो!" तीन नंबरच्या मशीनवरून अनुप ओरडला. "हिले भिंतीपल्याडचं दिसते काय बे?"

प्रणालीच्या खुर्चीमागे उभा असलेला स्वप्निल हसला नाही. तासाभरात हे सातव्यांदा घडलं होतं.

अकोटच्या या कॉम्प्युटर क्लासमध्ये दर रविवारी हा जुना खेळ रंगायचा. दगडी किल्ला, पंखवाले राक्षस, डोळ्यांसमोर धरलेली जादूची कांडी. अमरावतीच्या स्पर्धेला क्लासमधून एकच जण जाई. तीन वर्षं स्वप्निल जात होता. यंदा प्रणाली त्याच्या बरोबरीला आली होती. स्वप्निल फिजिक्सचा एम.एस्सी. माणूस दिसण्याआधी नेम लागतो, हे त्याला पटेना.

त्यानं तिच्या मशीनवरच्या खेळाच्या फायली आपल्या मशीनवरच्या फायलींशी ताडून पाहिल्या. काडीचा फरक नव्हता. त्याचा संशय उलट वाढला.

"कोणी नसताना काहून मारते?"

"दार करकरते न, दादा. तवा समजते, येऊन राहिला. मंग आधीच दाबा लागते. गोळा उशिरा निघते इथं."

"असं काही नसते. मले तं कधी दिसलं नाही."

"तुमी कधी या खुर्चीवर बसले?"

स्वप्निलला हा उद्धटपणा वाटला. "चाल, माह्या मशीनवर बस. तिथं दाखव."

त्याची मशीन एक नंबरची. खेळ तिच्यावर सुरू करून बाकीच्या पाच मशीन तारांनी तिला जोडाव्या लागत. ते काम स्वप्निलचं, म्हणून ती खुर्चीही त्याचीच.

प्रणाली तिथं बसली. दार करकरलं. तिनं बटण दाबलं. गोळा रिकाम्या दारातून निघून गेला. मग अनुप आत आला आणि त्यानं तिला मारलं. तीनदा तसंच झालं. तिचे कान लाल झाले.

"पाह्यलं?" स्वप्निल म्हणाला. "खुर्ची सुटली अन् जादू गेली."

क्लासचे मालक भगवंतराव यादी घेऊन आले. यादीत स्वप्निल आणि प्रणाली, अशी दोनच नावं होती. "चोरी असन तं हिचं नाव काटतो. पण पुरावा दे, बापू."

पुरावा शोधायला स्वप्निल प्रणालीच्या खुर्चीवर बसला. लपवलेलं काही सापडेना. त्यानं सहज बटण दाबलं. कांडी गप्प. मग गोळा सुटला. त्यानं पुन्हा दाबलं. तेच. त्यानं मोबाइल काढला, बोट आणि पडदा एकत्र दिसतील असं स्लो मोशनमध्ये टिपलं आणि फ्रेम मोजल्या. सेकंदाचा पाचवा भाग.

त्यानं अनुपला उठवून त्याच्या मशीनवर मोजलं. तितकाच उशीर. उरलेल्या तिन्हींवरही तितकाच.

"सगळ्याइकडं तसंच हाये," अनुप म्हणाला. "आमाले वाटलं, खेळच तसा हाये."

शेवटी स्वप्निल एक नंबरच्या मशीनपाशी आला. प्रणालीनं त्याच्याकडे न पाहता बटण दाबलं. त्यानं टिपलं. बोट आणि गोळा, दोन्ही एकाच फ्रेममध्ये.

खेळ चालायचा तो याच मशीनवर; बाकी पाचांचं बटण तारेतून इथं उशिरा पोचायचं, आणि तीन वर्षं तो इथंच बसून जिंकत होता.

"सापडला पुरावा?" भगवंतरावांनी पेनाचं टोपण काढलं. "काटू मंग नाव?"

"काटा," स्वप्निल म्हणाला. "माह्यं."