केर्माचा वाडगा

सुदानमधल्या केर्मा गावच्या सकीनाला मिळणार होते चार हजार वर्षांपूर्वीच्या एका नूबियन कुंभारणीचे हात. जुन्या खापरावरच्या बोटखुणा वाचून यांत्रिक हातमोजा ते कसब तिच्या बोटांत उतरवणार होता. बदल्यात तिच्या हातांची एक सवय पुसली जाणार होती. कुठली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“भाकऱ्या थापायला विसरले तर नवरा थापील!” ती हसली.

भट्टीतून तिचा वाडगा निघाला. चाकाविना घडवलेला, अंड्याच्या कवचासारखा पातळ, लाल अंगाचा, काळ्या काठाचा. अख्खं केर्मा गाव श्वास रोखून पाहत राहिलं.

सात वर्षांची नफीसा कंगवा घेऊन आली. “आई, माझ्या बारीक वेण्या घाल ना.”

सकीनाच्या बोटांत लेकीचे केस नुसतेच पडून राहिले.

“थट्टा पुरे गं, आई!”

वाडगा साऱ्या गावाला मिळाला; किंमत मोजली ती नफीसानं.