गादीखालची चटई

सिनेमातलं लग्न चौथ्यांदा लांबलं, तेव्हा पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. या खेपेला नवरीचा आजोबा ऐन लग्नाच्या सकाळी गचकला होता.

"आठ वर्षं! एवढं कुणी थांबतं का गं, आत्या?" फाताई म्हणाली. तिचं स्वतःचं लग्न पुढच्या शनिवारी होतं. शेजारच्या बहिणीने कोपर मारलं तेव्हा तिने जीभ चावली.

लेसिएली एकटीच खुर्चीवर होती, बाकी सगळ्या जमिनीवर. तिचं लग्न ठरून अकरा वर्षं झाली होती. पेनी ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला जायचा, दर डिसेंबरात परत यायचा, आणि दर डिसेंबरात घरात काहीतरी निघायचंच. वडील गेले. वादळात छप्पर उडालं. धाकट्या भावाचं लग्न निघालं. दरवेळी त्या देण्याघेण्यात आणि खर्चात तिने आपल्या रुखवतासाठी विणलेल्या चटया गेल्या. आता पलंगावर गादीखाली एकच उरली होती, केवड्याच्या बारीक पातीची, सगळ्यांत मोठी.

बाहेर नीरफणसाखाली तिचा भाऊ, फाताईचा बाप केपुएली खिडकीकडे पाठ करून कोनफळं सोलत होता. बहीण बसलेल्या खोलीत प्रेमाचा सिनेमा चालू असला की भावाने उंबरा ओलांडायचा नसतो. टोंगा बेटांवर कुणी ओलांडत नाही. म्हणून त्याने बायकोला आत पाठवलं.

सेइनी येऊन वन्संच्या पायाशी बसली.

"नवऱ्याकडच्यांना द्यायच्या चटयांत सगळ्यांत वर ठेवायला मोठी चटई नाही आपल्याकडे," ती हळूच म्हणाली. "तुमच्या गादीखाली आहे ना…"

"डिसेंबरात पेनी येतोय."

"ते काय, थांबतातच की बिचारे. हे म्हणाले, ताईचा शब्द या घरात शेवटचा. ती नको म्हणाली तर मी तोंडातून ब्र काढणार नाही."

लेसिएलीला हा मान पाठ होता. बहीण वर, भाऊ खाली. पंगतीत पहिलं पान तिचं, भाच्यांची नावं ठेवायची तिने, आणि नको म्हणायचा हक्कही तिचाच. अकरा वर्षांत तिने तो एकदाही वापरला नव्हता. केपुएलीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो इतका नम्र होता.

पडद्यावर शेवटी एकदाचं लग्न लागलं. पोरींनी डोळे पुसले. सिनेमा संपल्याचं ऐकून केपुएली उठला, हात धुतले आणि घराकडे निघाला.

"चटई मिळणार नाही," लेसिएली म्हणाली.

सेइनीला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा उतरला. "अहो, नवी विणायला वर्ष जाईल. चटईशिवाय पोर नवऱ्याच्या घरी कशी पाठवू? लग्न पुढे ढकलावं लागेल, वन्सं!"

"ढकला."

"आत्या!" फाताई रडायलाच लागली. "माझं लग्न… आत्या, असं काय गं करतेस!"

लेसिएलीला तिची दया आली. खरंच आली. या पोरीचं नाव तिनेच ठेवलं होतं. पण गळ्याशी आलेलं 'घेऊन जा' तिने या वेळी गिळून टाकलं.

पायरीवर केपुएलीची पावलं वाजली. तो आत आला, समोर मान खाली घालून बसला, की आपण उठून गादी उचलणार, हे तिला माहीत होतं.

"फाताई, सिनेमा लाव. आजोबा मरतो तिथून."

"आत्ता?"

"लाव म्हटलं ना."

आत्याचा शब्द मोडायची रीत नव्हती. फाताईने रडत रडत रिमोट दाबला. नवरा-नवरी पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडली. उंबऱ्यावर उचललेला पाय केपुएलीने मागे घेतला, आणि तो गुमान मागे फिरला.

आजोबा पुन्हा मेला. या खेपेला खोलीत एकटी लेसिएली हसली.