तेर्नहोल्मचा दिवा

"मेलेल्या माणसांसाठी बोट थांबवणारा पहिला देश म्हणून नॉर्वेचं नाव इतिहासात लिहिलं जाणार नाही. मी ते होऊ देणार नाही," जिल्हा परिषदेच्या वाहतूक समितीचा सभापती हालवोर नेस याने बोटीच्या उपाहारगृहात जाहीर केलं.

"वाफलवर जॅम की तपकिरी चीज?" काउंटरमागून गेर्दने विचारलं.

"चीज," सभापती त्याच आवाजात म्हणाला.

उपाहारगृहात दुसरं कुणी नव्हतं. इतिहासाला साक्षीदार म्हणजे गेर्द आणि एक वाफल.

प्रकरण तसं साधं होतं. तेर्नहोल्म बेटावर आता कुणी राहत नव्हतं. शेवटची रहिवासी हालवोरची आई, बोरघिल्ड. ती ऑक्टोबरात वारली. बेट वेळापत्रकातून वगळायचा ठराव सोमवारी समितीपुढे यायचा होता, आणि तो मांडणार होता हालवोरच. पण अशा बेटांचा एक नियम असतो. ज्याला बोटीत चढायचं असेल त्याने धक्क्यावरचा दिवा लावायचा. दिवा दिसला की बोट थांबते, नाहीतर सरळ पुढे जाते. आणि जिथे दिवा लागतो ते बेट वगळता येत नाही. बोरघिल्ड गेल्यापासून तेर्नहोल्मचा दिवा दर फेरीला लागत होता. बोट थांबायची, फळी टाकली जायची, कुणी चढायचं नाही, फळी उचलली जायची. समितीच्या आकडेवारीत तेर्नहोल्म हे जिल्ह्यातलं सर्वांत नियमित बेट ठरलं होतं.

हालवोरचा संशय पलीकडच्या बेटावरच्या लोकांवर होता. तेर्नहोल्म वगळलं की त्यांचीही बोट बंद होणार होती. त्यांच्यातलंच कुणीतरी होडीने येऊन दिवा लावून जात असणार. आज तो त्याला रंगेहाथ पकडणार होता.

वाफल घेऊन तो वर कप्तानाकडे गेला. ओडवार त्याला शाळेत असल्यापासून ओळखायचा, त्यामुळे सभापतिपदाचा त्याच्यावर काही परिणाम होत नसे.

"दिवा कोण लावतं, ओडवार?"

"मी बोट चालवतो. दिवे नाही लावत."

"मग कुणी दिसत नसताना थांबतोस कशाला?"

"दिवा असतो म्हणून. मी थांबतो, गेर्द फळी टाकते, शुभसंध्या म्हणते, फळी उचलते."

"शुभसंध्या? कुणाला?"

"असेल त्याला." ओडवारने काचेवरची वाफ पुसली. "दिव्यासाठी बरा आलास रे. आईसाठी काही आला नाहीस."

"शहरात तिला खोली मिळवून दिली होती मी. गरम फरशीची. तीच आली नाही."

"येणार होती. मला म्हणाली, हालवोर न्यायला आला की जाते. एकटी काही मी हे बेट सोडणार नाही, म्हणाली."

"मला कामं होती."

"होती ना. निवडणूक होती. पोस्टरवर छान आला होतास."

हालवोरने उरलेलं वाफल एकदम तोंडात कोंबलं. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

दुपारचे तीन वाजले होते आणि डिसेंबरचा काळोख पडला होता. समोर दिवा दिसला. पिवळा, स्थिर. ओडवारने बोट वळवली.

फळी टेकायच्या आत हालवोर खाली उतरला. धक्क्यावर ताजं बर्फ होतं आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. त्याने खांबामागे पाहिलं. होडीघरात पाहिलं. "बाहेर या, मी सभापती आहे," असं खडकांनाही सांगून पाहिलं. कुणी आलं नाही. तेवढ्यात मागे फळी उचलल्याचा आवाज झाला.

"अरे, थांब की!"

"वेळापत्रक," वरच्या खिडकीतून ओडवार म्हणाला. "तूच मंजूर केलंयस. परत येताना दिवा दिसला तर थांबेन."

बोट गेली. मग दिवा विझला.

हालवोर मोबाइलच्या उजेडात वर घराकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. दाराशेजारच्या खुंटीवर आईची शहरात जायची बॅग अंत्यविधीच्या दिवशी त्याने स्वतः पाहिली होती. भरलेली. उन्हाळ्यात बघू, असं म्हणून तो तशीच ठेवून परतला होता. आता खुंटी रिकामी होती. चोर आले असतील, असं त्याने ठरवलं. चोरांबद्दल त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

मग तो तिथे फार थांबला नाही. धक्क्यावर पोचून त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा दिवा लागलेला होता. त्याने तो हात खिशात घातला आणि बोट येईपर्यंत बाहेर काढला नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

बोट आली. गेर्दने फळी टाकली. हालवोर तीन ढांगांत वर चढला आणि दारातच दोन्ही बाजूंना धरून उभा राहिला. धाप लागली होती, पण पद सुटलं नव्हतं.

"बेटावर कुणीही नाही. मी स्वतः पाहिलंय. सोमवारी ठराव मांडतोय. हा थांबा आजपासून बंद समजा. उचल फळी."

गेर्दने फळी उचलली नाही. वरच्या खिडकीत ओडवारने टोपी काढली होती. गेर्द हालवोरच्या खांद्यावरून धक्क्याकडे बघत होती आणि ओळखीचं हसत होती.

"हालवोर," ती म्हणाली, "दारातून जरा सरक. आईला आत येऊ दे."