कॅपची कड

"अजून थोडं उघडा तोंड, काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि बारीक सळई खालच्या दाढेच्या हिरडीत अलगद शिरली. शिंपीणकाकूंनी खुर्चीचा हात गच्च धरला. कळ थेट कानापर्यंत गेली.

"रक्त येतंय," शेजारी उभी असलेली मदतनीस म्हणाली. "ब्रश नीट होत नाही ना, काकू? वय झालं की हाताला जोर राहत नाही."

काकूंनी डोळे मिटले. हेच ऐकावं लागणार हे त्या घरूनच गृहीत धरून आल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी याच डॉक्टरबाईंनी या दाढेवर कॅप बसवली होती. महिन्याभरात भोवतीची हिरडी लाल झाली, मग सुजली, मग ब्रश लागला की रक्त. सुनेने मऊ ब्रश आणून दिला. लेकीने दातांतून दोरा कसा फिरवायचा ते शिकवलं. काकू दिवसातून तीनदा घासत, मिठाच्या पाण्याने चुळा भरत. तरी तोंडाचा वास जाईना. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेताना त्या हल्ली श्वास रोखून धरत. परवा मांडीवर बसलेली नात नाक मुरडून म्हणाली होती, "आजी, तिकडे तोंड कर ना." पोर हसली, काकूही हसल्या. पण त्यानंतर त्यांनी तिला गोष्ट सांगितली नव्हती.

"माझंच चुकत असेल, डॉक्टर," चूळ भरून त्या म्हणाल्या. "उद्यापासून चारदा घासते."

डॉक्टरबाईंनी दाढेचा एक्स-रे काढला आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"नेहमीचं चुळा भरायचं औषध लिहू?" मदतनीसने विचारलं.

"थांब जरा." त्यांनी पडदा काकूंकडे वळवला. "काकू, हे बघा. हा दात, ही कॅप. कॅपची कड इथे दाताला चिकटून बसायला हवी होती. या बाजूला ती बसलेलीच नाही. फट आहे आणि त्या फटीत घाण साठतेय. तुम्ही दहादा घासलंत तरी ब्रश तिथे पोचणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं काहीच चुकलेलं नाही. बसवताना मी नीट तपासायला हवं होतं. चूक माझी आहे."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर चार माणसं बसलेली होती. तरी डॉक्टरबाईंचा आवाज जराही खाली आला नव्हता.

काकू पडद्यावरच्या त्या काळ्या रेघेकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर गेलेल्या बाईला कड न बसणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना एक नवरी आठवली. लग्नाचा पोशाख कंबरेत दोन बोटं कमी कापला गेला होता, काकूंच्याच हातून. "अंग भरलंय गं तुझं," त्या तिला म्हणाल्या होत्या. पोरीने लग्नाच्या आधी आठवडाभर पोटाला चिमटा काढला. हे काकूंनी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"कॅप कापून काढायची. आतला दात किडला नसेल तर वाचेल. हिरडी बरी झाली की नवीन बसवायची. माझ्याकडून करून घ्यायचं नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी देते, सगळं खरं लिहून. मला राग यायचा नाही."

काकूंनी मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं.

कॅप दोन तुकड्यांत निघाली. कोंडलेला वास भपकन सुटला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाईंनी तोंड फिरवलं नाही. उलट आणखी जवळ वाकल्या, दात कोरडा केला, सळईने चहूबाजूंनी चाचपला.

"शाबूत आहे," त्या म्हणाल्या.

तात्पुरती कॅप बसली. तीन आठवड्यांत सूज उतरली, हिरडी गुलाबी झाली. मग नव्या कॅपसाठी माप घेतलं. पहिलं चांगलं आलं होतं, मदतनीस तसं म्हणालीही. तरी डॉक्टरबाईंनी दुसरं घेतलं. कॅप पक्की करण्याआधी पुन्हा एक्स-रे काढला आणि तो काकूंसमोर धरला.

"तुम्हीही बघा. कडांना तुमची नजर जास्त सरावलेली."

काकूंनी चष्मा लावून बघितलं. रेघ कुठेच नव्हती. "बसवा," त्या म्हणाल्या.

काम उरकून त्या बाहेर आल्या, तेव्हा बाकावर एक गृहस्थ सुजलेल्या गालाला रुमाल लावून बसले होते. काकू पिशवी घेऊन निघणार, तोच ते हळूच म्हणाले, "अहो ताई, मी पहिल्यांदाच आलोय. कशा आहेत या डॉक्टर? चुकत-बिकत नाहीत ना?"

"चुकतात," काकू म्हणाल्या. गृहस्थांचा रुमाल खाली आला.

"आणि सांगतात," काकू म्हणाल्या. "बिनघोर जा आत."