मुळांचे केस

“सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचा नाही, ताई. माझ्या बायकोनेसुद्धा ठेवला नाही, आणि ती बिचारी माझं काहीही ऐकून घेते. पण तुमच्या पोरीच्या रोपांच्या मुळांना केस फुटले ते असे, की माझ्यावर फणी शोधायची वेळ आली.”

ताई उंच स्टुलावर बसल्या होत्या. पायाशी पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात मुलीचा मग, करडा स्वेटर, प्रयोगशाळेत घालायच्या सपाता. मुलगी जाऊन दोन आठवडे झाले होते. खोकं भरून झाल्यावर त्या दारापर्यंत गेल्याही होत्या, पण तिथूनच मागे वळून म्हणाल्या होत्या, “तिने शेवटचं जे लावलं होतं, तेवढं बघते. मग निघते.”

खोलीत तेव्हा म्हातारा एकटाच होता. तीस वर्षं तो इथे काचेची भांडी धुतो, रोपांच्या प्लेटींसाठी खतपाण्याची जेली शिजवतो आणि पुड्या सोडतो, म्हणून थोरलेसाहेबांपासून सगळे त्याला पुडीकाका म्हणतात. भांडी तीस वर्षांत दोनदाच फुटली. पुडी मात्र एक दिवस चुकली नाही. त्याने दिव्यांच्या कपाटातून एक चौकोनी प्लेट आणून ताईंपुढे ठेवली. पारदर्शक जेलीवर मोहरीच्या जातीची सहा रोपं होती. पानं तिळाएवढी, मुळं पांढऱ्या दोऱ्यासारखी सरळ खाली उतरलेली.

ती प्लेट मुलीची नव्हती.

मुलीच्या प्लेटी, ती गेली त्या आठवड्याच्या शनिवारीच गेल्या होत्या. ज्या प्लेटीवरची तारीख उलटली ती शनिवारी वाफेच्या भांड्यात टाकून संपवायची, हा या खोलीचा शिरस्ता. ज्याला आपली रोपं हवी असतील त्याने शुक्रवारी येऊन जुनी तारीख खोडायची, नवी घालायची. त्या शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी म्हाताऱ्याने सवयीने कपाट रिकामं केलं, प्लेटी वाफवल्या, शीळ घालत भांडं घासलं. ती का आली नाही ते त्याला सोमवारी कळलं. सोमवारी दुपारीच त्याने तिच्या डबीतलं बी काढलं आणि नवी प्लेट लावली. कोणी सांगितलं नव्हतं.

“किती लांब?” ताईंनी विचारलं.

“केस? काय विचारता. पहिल्या दिवशी झाकणाला टेकले. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी उचकटून बाहेर. त्यातला एक टेबलाचा पाय धरून खाली उतरला आणि फरशीवरून थेट तिच्या खुर्चीपर्यंत गेला. तिथे कोणी नाही म्हटल्यावर मुकाट्याने वळला, वर चढला, आत गेला आणि झाकण लावून घेतलं.”

“झाकण लावून घेतलं?”

“शिस्त, ताई. तुमच्या पोरीच्या हाताखालचा तो. उघडं टाकून जाईल होय?”

ताईंच्या ओठाचं एक टोक हललं. एवढंच, पण तेवढ्यानेही म्हाताऱ्याला चेव आला. मग रोपांनी एकमेकांच्या वेण्या घातल्या, एका रोपाने रुसून केस कापून घेतले, थोरलेसाहेब ते बघायला आले आणि जाताना स्वतःच्या टकलावरून हात फिरवत गेले. ताई प्लेटीकडे बघत ऐकत होत्या.

“दर रविवारी तिचा फोन यायचा,” त्या मध्येच म्हणाल्या. “तासभर हेच. मी फोन कानाला लावून भांडी घासायची. तिला वाटायचं, आईला कुठलं कळतंय.” त्यांनी मायक्रोस्कोपकडे बोट केलं. “ह्याच्याखाली ठेवतात ना?”

“डोळे दुखतील तुमचे. आणि लाजाळू असतात हो ते. परकं माणूस दिसलं की केस आत ओढून घेतात.”

“मी परकी नाही.”

म्हाताऱ्याने प्लेट भिंगाखाली सरकवली. ताईंनी नीट दिसावं म्हणून बाजूची चकती आधी उलटी फिरवली, मग सुलटी. मग त्यांचा हात थांबला. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. बाहेर कोणीतरी कुणाला चहाला हाक मारली, पावलं दारावरून गेली.

“भाऊ,” डोळा न काढता त्या म्हणाल्या, “मुळाच्या टोकाला आधी कळतं म्हणे, की खाली खायला नाही. मग ते टोक मागे निरोप धाडतं. निरोप पोचला की मागचे केस वाढायला लागतात, लांबच लांब. जिथवर हात पोचेल तिथवर चाचपत जातात, कुठे कणभर मिळतंय का ते. आणि जागच्या जागी मिळत असलं, तर कशाला वाढतील? आखूडच राहतात. ती तिच्या रोपांना मुद्दाम उपाशी ठेवायची. मी चिडायची तिच्यावर. म्हणायची, अगं, कशाला छळतेस त्या जिवांना. तर हसायची.”

म्हातारा टेबलावर चिकटलेली पट्टी नखाने सोलत होता. “सकाळपर्यंत होते हो लांब,” तो म्हणाला. “तुम्ही यायच्या जरा आधी...”

“आखूड आहेत.” ताईंचा डोळा भिंगालाच होता. आवाज अगदी हलका झाला होता. “ही तिची नव्हेत. ह्यांना तुम्ही पोटभर खायला घातलंय, भाऊ.”